समोर बसलेल्याचे वडील

कथेतला बाप पटला नाही तर तसं सरळ सांगता येतं. लेखक एकतर तो बदलतो किंवा आपल्याशी भांडतो आणि विषय तिथे मिटतो. पण पुढ्यातली सहा पानं समोर बसलेल्या माणसाने स्वतःच्या वडिलांवर लिहिलेली असतील आणि ते वडील नुकतेच वारले असतील, तर ‘दुसऱ्या पानावर मला कंटाळा आला’ हे तोंडातून काढायचं कसं? फोंड्याच्या आमच्या लेखनगटात जायला लागले तेव्हा माझं पहिलं घोडं अडलं ते इथे.

गट साधासुधा आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. डिचोली, पेडणे, वाळपई, मडगाव अशी कुठून कुठून माणसं येतात आणि कदंबची बस चुकली की उशिरा येतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाई म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. वाळपईची एक नर्स आहे, आमच्यात सगळ्यांत लहान. सत्तरीतले एक शेतकरी आहेत, ते सगळ्यांचे भाई. आणि कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले सर, ज्यांच्या चिकाटीवर हे सगळं चालतं. कविता आणायची नाही, हा एक नियम कडक. गोव्यात कवितावाचन ठेवलं की खुर्च्या कमी पडतात आणि बसलेला प्रत्येक जण आपला नंबर कधी लागतो याकडे डोळे लावून असतो, असं सरांचं म्हणणं. थोडं अन्यायाचं आहे, पण खोटं म्हणता येत नाही. आणायचं ते घडलेलं: आठवण, व्यक्तिचित्र, प्रवास, रिपोर्ताज, ललित निबंध.

लेख आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर येतो. तो छापून घ्यायचा, बाजूला भरपूर समास सोडून, आणि पेन्सिल घेऊन दोनदा वाचायचा. फोनवर वाचून आलेला माणूस लगेच ओळखू येतो. त्याला सुरुवात आणि शेवट आठवत असतो, मधला लेख त्याने अंगठ्याने वर ढकललेला असतो.

सुरुवातीला आमच्याकडे तीन प्रकारच्या प्रतिक्रिया यायच्या. पहिली ‘छान, डोळ्यांत पाणी आलं’. दुसरी शुद्धलेखनाची. बाईंनी आयुष्यभर वह्या तपासलेल्या, त्यांचा हात आपोआप ऱ्हस्व-दीर्घाकडे जायचा आणि पान परत येताना गोवर उठल्यासारखं दिसायचं. तिसरी ‘मी असतो तर हा लेख विहिरीपासून सुरू केला असता’. या तिन्हींत एक गोष्ट सारखी होती, लेख न वाचताही त्या देता आल्या असत्या. स्तुती करणाऱ्याने तर बऱ्याचदा वाचलेलंच नसतं, असं माझं मत हळूहळू होत गेलं. लिहिणाऱ्याला मात्र ‘छान’ ऐकून घरी गेल्यावर रात्री प्रश्न पडतोच, छान म्हणजे नेमकं कुठलं पान?

सरांनी मग एक पद्धत आणली. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास ती बसवली, मूळ नाचासाठी. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की काय मनात राहिलं, काय जिवंत वाटलं. मग कलाकाराने स्वतः प्रश्न विचारायचे. मग इतरांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे, पण प्रश्नाच्या पोटात मत दडवायचं नाही. सगळ्यांत शेवटी मत, तेही परवानगी घेऊन: ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचं आहे का?’ आणि ‘नको’ म्हणायचा पूर्ण हक्क.

हे ऐकून बँकवाले काका खदखदून हसले होते. परवानगी घेऊन मत द्यायला आपण काय सचिवालयात आहोत, म्हणाले. पण तिसरी पायरी करून बघितल्यावर तेच सगळ्यांत जास्त अडखळले. ‘तुम्ही इतकं लांबवलंत का?’ हा प्रश्न चालत नाही, कारण तो प्रश्न नाहीच. ‘बाजारातला प्रसंग दोन पानांचा ठेवताना तुमच्या मनात काय होतं?’ हा चालतो. ऐकायला दोन्ही जवळजवळ सारखे. पहिल्याला उत्तर देताना माणूस बचाव करतो, दुसऱ्याला देताना विचार करतो. कधी कधी उत्तर देता देता स्वतःच म्हणतो, ‘खरंय, एक पान पुरे.’

लिहिणाऱ्याने गप्प बसायचं की बोलायचं, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालते. तिथून पसरलेल्या पद्धतीत लेख चर्चेला असतो तेव्हा लेखक तोंड उघडत नाही. पुस्तक बाजारात गेल्यावर तुम्ही वाचकाच्या घरी समजावायला जाणार आहात का, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो पटतो. भाईंना पटत नाही. त्यांच्या लेखात त्यांच्या वाड्यावरची एक रीत होती. आम्ही सगळे तिच्यावर तासभर चुकीच्या समजुतीने बोलत राहिलो आणि ते मान खाली घालून ऐकत बसले होते. एका वाक्यात ते आम्हाला सरळ करू शकले असते.

त्यातून एक उपयोगाची सवय लागली, ती म्हणजे आधी सारांश. प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं की हा लेख मला कशाबद्दलचा वाटला. चांगला-वाईट काही नाही. पीटर एल्बो नावाच्या एका लेखन-शिक्षकाने १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं: निवाडा देऊ नका, वाचताना तुमच्या मनात क्षणाक्षणाला काय चाललं होतं ते दाखवा. मडगावच्या एका ताईंचा लेख त्यांच्या मते सासूच्या कष्टांवर होता. आमच्यातल्या निम्म्यांनी सांगितलं की तो त्या घरात सुनेला बोलायला जागा नव्हती यावर आहे. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. कोणी त्यांच्यावर टीका केली नव्हती, तरी टीकेने झालं नसतं ते काम झालं होतं.

बाईंचा लेख आला तो डिसेंबर १९६१ वर. त्या तेव्हा चार वर्षांच्या. भारतीय फौज येतेय म्हणून पोर्तुगीजांनी पूल उडवले, त्यात बोरीचा पूलही गेला. बाईंचं माहेर तिथून फार लांब नाही. लेखात त्यांनी तो स्फोट इतका हुबेहूब लिहिला होता की भांड्यांची फळी हादरते, आई दिवा विझवते, भाऊ तिच्या पदराखाली शिरतो. सगळ्यांना आवडला. प्रश्नांची पाळी आली तेव्हा नर्सने विचारलं, “बाई, हा आवाज तुम्ही ऐकलेला की आईने सांगितलेला?”

बाई चिडल्या. माझ्या घरचं मला माहीत नसणार तर कोणाला, असं काहीसं म्हणाल्या आणि चहा न घेता खाली गेल्या. नर्सचा चेहरा पडला. मला वाटतं तो प्रश्न त्या वर्षातला आमच्याकडचा सगळ्यांत चांगला प्रश्न होता. कथेत फळी हादरली की हादरली. घडलेलं म्हणून जे लिहितो त्यात वाचक लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो. पण याचा अर्थ आठवणीला साक्षीदार आणि पुरावे लावायचे असाही नाही. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीतून फिरून आले, ते त्यांनी कितीतरी वर्षांनी आठवून लिहिलं आणि ‘माझा प्रवास’ छापून आलं ते १९०७ मध्ये. इतक्या अंतरावरून आठवलेलं सगळं अक्षरशः तसंच झालं असेल असं कोण म्हणेल? तरी आपण ते वाचतो, कारण सांगणारा कुठे उभा राहून सांगतोय ते दिसत राहतं.

बाई पुढच्या खेपेला आल्या त्या नवा खर्डा घेऊन. आता त्यात तीन सांगणं होती. आईचं, ज्यात फळी हादरते. मोठ्या भावाचं, जो म्हणतो की आम्ही त्या रात्री मामाकडे होतो, आवाज कसला ऐकतोय! आणि बाईंचं स्वतःचं, ज्यात आवाज नाहीच. आहे फक्त अंधार आणि आईच्या हाताला येणारा कांद्याचा वास. तिन्ही पदर आलटून पालटून येतात, कोणता खरा हे बाई ठरवत नाहीत. वेणीसारखा गुंफलेला हा निबंधाचा घाट सरांनी आम्हाला आधी शिकवला होता, तेव्हा तो वर्गातला धडा वाटला होता. इथे त्याची गरज लेखानेच काढली.

दुसरा एक घाट नर्सने आणला. रिकाम्या शंखात घर करणारे छोटे खेकडे मिरामारला ओहोटीच्या वेळी कोणीही बघावेत. ब्रेंडा मिलर आणि सुझॅन पाओला या दोन अमेरिकन लेखिकांनी २००३ मध्ये या खेकड्यांवरून एका निबंधप्रकाराला ‘हर्मिट क्रॅब’ असं नाव दिलं. सांगायची गोष्ट फार हळवी असते, उघडी सोडवत नाही, म्हणून ती दुसऱ्या कशाच्या तरी कवचात शिरते, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या, पाककृतीच्या, औषधाच्या चिठ्ठीच्या. नर्सने कवच घेतलं माटोळीच्या यादीचं. चवथीला गणपतीवर बांधायच्या वस्तूंची यादी: नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंग, चिबूड, कांगलं, कवंडळ. प्रत्येकापुढे तो जिन्नस कोण आणतं ते एका-दोन ओळींत. वाचता वाचता लक्षात येतं की रानातलं सगळं आजोबा आणायचे. मग काका आणायला लागले, मग ते बाजारातून यायला लागलं. एका जिन्नसापुढे नुसती रेघ.

बँकवाले काका म्हणाले, “हा लेख नाही, यादी आहे.” सरांनी त्यांना तेच वाक्य वाचकाच्या बाजूने सांगायला लावलं. काका विचार करून म्हणाले, “मी लेखाची वाट बघत राहिलो, तो चौथ्या जिन्नसापर्यंत मला सापडला नाही. सापडल्यावर मात्र मी पहिल्यापासून परत वाचलं.” ही आमच्याकडची आदर्श प्रतिक्रिया मानायला हरकत नाही. नर्सने त्यावर काय केलं? काहीच नाही. वाचकाने पहिल्यापासून परत वाचावं हेच तिला हवं होतं. ऐकलेली प्रत्येक सूचना मानायची नसते, हे तिला आमच्या आधी कळलं. एक बदल तिने केला तो माझ्या सांगण्यावरून: शेवटी ‘आजोबांशिवाय माटोळी सुनी वाटते’ असं वाक्य होतं, ते काढलं. रेघेने ते आधीच सांगितलं होतं.

आमच्याकडे एक अडचण अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या गटांत नसावी. आम्ही मराठीत लिहितो, पण आमच्या लेखांतली बहुतेक माणसं कोंकणीत बोललेली असतात. आजी दारातून ‘आयलो रे पुता?’ म्हणते आणि लेखात तीच आजी ‘आलास का रे बाळा’ म्हणून सदाशिव पेठेत राहायला जाते. खरं लिहायचं म्हटलं तर ती काय बोलली ते तसंच यायला हवं. पानभर संवाद असेल तर बाहेरचा वाचक दमतो. तोडगा कोणाकडेच नाही. बाई सगळं मराठीत करतात आणि एक-दोन वाक्यं तशीच ठेवतात. भाई एकही वाक्य बदलत नाहीत, वाचणाऱ्याने थोडं वाकावं म्हणतात. मी संवादच कमी लिहिते, ही पळवाट आहे हे मान्य. पण ‘आजीचा आवाज इथे मला ऐकू आला नाही’ एवढं समासात लिहिलं तरी लिहिणारा काय ते समजतो.

आणि गोवा लहान. नावं बदलून काही होत नाही. एकाने आपल्या गावातल्या, व्यसनात बुडालेल्या एका देखण्या नाटकवाल्यावर लिहिलं होतं. उत्सवात राजाची भूमिका करायचा, पुढे दारूने संपला. नाव, गाव, देऊळ सगळं बदललेलं. सारांशाची फेरी चालू असताना मडगावच्या ताई म्हणाल्या, “हा माझ्या मावसबहिणीचा दीर.” त्या दिवशी लेखावर बोलणं झालंच नाही. छापायचा असेल तर घरच्यांना आधी दाखवायचा, असं ठरलं. तो लेख अजून फायलीत आहे.

माझा लेख बाबांवर होता. ते गेल्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. साखळीच्या बाजूला आमचे खनिजवाहू ट्रक होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि अंगणात उभे राहिलेले ट्रक उभेच राहिले. पुढे थोडं सुरू झालं तेही मार्च २०१८ मध्ये परत बंद. मी सगळं लिहिलं होतं: बेकायदा खाणींच्या चौकशीचा आयोग, निकाल, बँकेचे हप्ते, मांडवीत नांगरून ठेवलेल्या बार्ज. सारांशाची फेरी झाली तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं की लेख खाणबंदीवर आहे. बाबा कोणाच्याच वाक्यात आले नाहीत.

मग बाईंनी विचारलं, “तुझे बाबा संध्याकाळी कुठे बसायचे गो?” सहा पानांत ते कुठेच बसले नव्हते. ‘खचले’ होते, ‘हताश’ झाले होते. नर्सने चौथ्या पानावरच्या एका वाक्याखाली रेघ मारून ठेवली होती. दर रविवारी बाबा एकेका ट्रकची किल्ली फिरवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. समासात तिने लिहिलं होतं, ‘इथे मी थांबले. आणखी हवं.’ मी ते वाक्य दोन परिच्छेद जोडायला घातलं होतं.

यानंतर बोलले ते भाई. त्यांच्या गावाला खाणीच्या खंदकांनी काय केलं हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. खंदकातलं पाणी उपसत नेलं तशा विहिरी आटल्या आणि पावसात खाणीची माती शेतात उतरली. ते शांतपणे म्हणाले, “तुझ्या बाबांचा ट्रक थांबला त्याची सहा पानं झाली. आमचं शेत त्या मातीखाली गेलं त्याची एक ओळ तुझ्या लेखात नाही.”

खोलीत कोणी हललं नाही. माझ्या कानशिलापर्यंत राग आला होता, आणि बाबांना तिथून बाहेर काढून घरी न्यावंसं वाटत होतं. ही प्रतिक्रिया लेखावर होती, बाबांवर होती की माझ्यावर? भाईंना तरी ते सांगता आलं असतं का, कोण जाणे. सरांनी त्यांना गप्प केलं नाही, याचं मला आजही कौतुक आहे. ते इतकंच म्हणाले, “भाई, हा प्रश्न लेखातल्या मुलीला विचारा. इथे बसलेल्या मुलीला नको.”

‘बलुतं’ आठवा. १९७८ सालच्या त्या पुस्तकात दया पवारांसमोर दगडू मारुती पवार येऊन आपली हकिगत सांगतो. माणूस एकच, पण सांगणारा आणि लिहिणारा यांच्यात एक हात अंतर ठेवलेलं. आपल्या सगळ्यांच्या लेखात तो दुसरा असतो, फक्त आपण त्याला वेगळं नाव देत नाही. भाईंनी जरा वेळ घेतला आणि विचारलं, “लेखातल्या मुलीला तेव्हा हे माहीत होतं काय?”

माहीत होतं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी टँकर यायचा. तो दाराशी आला की ती अभ्यास टाकून कळशी घेऊन धावायची. तिच्या घरी जाताना मी आमच्या ट्रकचा विषय काढत नसे. हे मी भाईंना सांगितलं आणि ते म्हणाले, “मग हें बरय.” म्हणजे, हे लिही.

नव्या खर्ड्यात आयोग एका वाक्यात आटोपलाय. रविवारची सकाळ आहे, एकामागून एक घरघरणारी इंजिनं आहेत, आणि चालू ट्रकमध्ये कुठेच न जाता स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले बाबा आहेत. मैत्रिणीची कळशी आहे. भाईंना लेख अजूनही पूर्ण पटलेला नाही, मला त्यांच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत व्हायचं नाही. आम्ही दोघं एकाच बसने फोंड्याहून परत जातो आणि वाटेत बहुतेक काजूच्या भावावर बोलतो.

मी स्वतः दुसऱ्यांच्या लेखांवर लिहिते तेव्हा आता एक पानाचं पत्र लिहिते. वर सारांश, मग जिथे पेन्सिल थांबली त्या जागा, पानाच्या आकड्यासकट, मग दोन-तीन प्रश्न. शुद्धलेखन वेगळ्या चिठ्ठीवर आणि मागितलं तरच; बाईंनीही ते कबूल केलंय, अर्थात कुरकुरत. ‘हे कापा’ लिहायचा मोह होतो तिथे ‘हे नसतं तर काय हरवलं असतं?’ असं लिहून बघते. कधी लेखकाकडे खरंच चांगलं उत्तर असतं आणि तो परिच्छेद राहतो. माझ्याकडून सगळ्यांत कठीण जातं ते वाईट लेखाचं पत्र. म्हणजे ज्यात काहीच धरायला मिळत नाही असा. त्याला पद्धत नाही, दोनदा वाचण्याऐवजी तीनदा वाचायचं एवढंच. बँकवाल्या काकांची प्रवासवर्णनं तशी असायची. सकाळी उठलो, चहा घेतला, दर्शन घेतलं, थाळी उत्तम होती. पण त्यांनी कुठेही हॉटेलात उतरल्यावर आधी तिजोरीचं कुलूप तपासलेलं असायचं, आणि हे वाक्य प्रत्येक लेखात होतं. दोन-तीन लेखांनंतर मी त्याच्यापुढे फक्त ‘का?’ एवढं लिहून दिलं.

येत्या शनिवारी काकांचाच लेख आहे. प्रवासाचा नाही. शाखेतल्या स्ट्राँगरूमवर लिहिलंय. तिला दोन किल्ल्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे राहतात आणि दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. एक किल्ली अनेक वर्षं काकांकडे होती. सात पानं आहेत. पाचव्या पानावर मी जरा जास्त वेळ थांबले आणि समासात लिहिलं: ‘दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांच्याबद्दल तुम्ही एकदाही काही म्हणत नाही. ते कसे होते?’